पाच ‘योग्य’ आणि शेवटचा हात

भारतातल्या रुग्णालयांत इन्सुलिन मुख्यतः दोन स्ट्रेंथमध्ये येते. मानवी इन्सुलिनच्या नेहमीच्या व्हायलमध्ये दर मिलिलिटरला ४० युनिट असतात. पेनच्या कार्ट्रिजमध्ये आणि ग्लार्जिनसारख्या नव्या प्रकारांच्या व्हायलमध्ये १००. सिरिंजही त्यानुसार दोन आहेत, लाल टोपणाची ४०साठी आणि केशरी टोपणाची १००साठी. दोन्हींवरच्या रेघा युनिट दाखवतात, मिलिलिटर दाखवत नाहीत. त्यामुळे रेघेचा अर्थ एकट्या सिरिंजवरून ठरत नाही, सिरिंज आणि व्हायल यांच्या जोडीवरून ठरतो. २० युनिटची ऑर्डर असताना लाल टोपणाच्या सिरिंजने १००च्या व्हायलमधून विसाच्या रेघेपर्यंत औषध ओढले, तर अर्धा मिलिलिटर, म्हणजे ५० युनिट इन्सुलिन टोचले जाते. जोडी उलटी जुळली तर २०च्या जागी ८ युनिट जातात.

यांपैकी पहिली चूक बहुधा लक्षात येते. रुग्णाला घाम फुटतो, तो असंबद्ध बोलू लागतो, ग्लुकोमीटरवर घसरलेला आकडा दिसतो आणि डेक्स्ट्रोजसाठी धावपळ सुरू होते. (रुग्ण प्रोप्रॅनोलॉलसारखे बीटा-ब्लॉकर घेत असेल तर धडधड आणि थरथर ही पूर्वसूचना दबते, घाम तेवढा उरतो.) दुसरी चूक लक्षात येण्याची शक्यता फार कमी आहे, आणि म्हणूनच तिचा विचार अधिक करायला हवा. ८ युनिटांनी साखर उतरत नाही. राउंडला डॉक्टर चढलेला आकडा पाहून मात्रा २४ करतात, मग ३०. चौथ्या-पाचव्या दिवशी आकडा आटोक्यात येतो आणि डिस्चार्ज कार्डावर तीच वाढीव मात्रा लिहिली जाते. घरी रुग्णाच्या हाती योग्य जोडी पडते, आणि वॉर्डात ज्या ‘३०’ने जेमतेम नियंत्रण साधले होते ते घरी प्रत्यक्षात अडीचपट होते. औषध देताना झालेली चूक अशा रीतीने चार दिवसांत औषधयोजनेतली चूक बनते, तिच्यावर डॉक्टरांची सही येते, आणि पहाटे बेशुद्ध सापडलेल्या माणसाच्या बाबतीत ‘रात्री नीट जेवला नसेल’ इथेच चौकशी थांबते.

नर्सिंगच्या प्रत्येक विद्यार्थिनीला सुरुवातीलाच पाच ‘योग्य’ शिकवले जातात : योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. वरच्या प्रसंगात योग्य मात्रेचा नियम मोडला का? परिणामाकडे पाहिले तर मोडला. पण जिने ऑर्डरमध्ये २० वाचले आणि सिरिंजवर २० मोजले, तिच्या लेखी मात्रेची तपासणी पूर्ण झालेली होती. ती निष्काळजी नव्हती, तिच्या तपासणीला पकडता येईल अशा जागी चूक नव्हतीच. इथेच या पाच नियमांची मर्यादा स्पष्ट होते. कृती संपल्यावर काय साधलेले असावे याचे ते वर्णन करतात. ते कसे साधावे, आणि साधले आहे हे त्या क्षणी कशावरून ओळखावे, याबद्दल काही सांगत नाहीत. अमेरिकेतली इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस ही संस्था हेच अनेक वर्षे मांडत आली आहे. आपल्याकडे मात्र पाचांचे सहा झाले, पुढे सात आणि काही पुस्तकांत दहा. नोंद, कारण, नकाराचा अधिकार, परिणामाचे मूल्यमापन अशी भर पडत गेली. भर घातलेली प्रत्येक बाब स्वतंत्रपणे रास्तच आहे. पण यादी लांबवल्याने तिचे स्वरूप बदलत नाही, आणि लांबलेल्या यादीतला प्रत्येक नवा मुद्दा चूक झाल्यावर शेवटच्या हातावर ठेवायचा आणखी एक ठपका तेवढा ठरतो.

याहून गंभीर गोष्ट अशी की पाचही नियम काटेकोर पाळूनही रुग्णाला इजा होऊ शकते, आणि ती कधी कधी नियम पाळल्यामुळेच होते. एक्लाम्प्सियात दिल्या जाणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचे उदाहरण घेऊ. आपल्या प्रसूतिकक्षांत ते ५० टक्के द्रावणाच्या २ मिलिलिटरच्या अँप्यूलमध्ये येते. एका अँप्यूलमध्ये १ ग्रॅम. प्रिचर्ड पद्धतीत सुरुवातीला ४ ग्रॅम शिरेतून सावकाश आणि दोन्ही नितंबांत प्रत्येकी ५ ग्रॅम द्यायचे असते. शिरेतून द्यायचे औषध २० टक्के करायचे, म्हणजे चार अँप्यूलच्या ८ मिलिलिटरमध्ये १२ मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर मिसळायचे. झटके येत असलेल्या बाईच्या शेजारी उभे राहून एकूण चौदा अँप्यूल फोडायच्या, त्यांतल्या चार पातळ करायच्या आणि दहा करायच्या नाहीत. हे गणित अवघड नाही. ते त्या परिस्थितीत, बहुधा एकटीने, करावे लागते ही अडचण आहे.

खरा प्रश्न चार तासांनी येतो. दर चार तासांनी ५ ग्रॅम, अशी ऑर्डर लिहिलेली असते आणि योग्य वेळेचा नियम सांगतो की वेळ झाली, द्या. औषधशास्त्र सांगते की आधी तीन गोष्टी पाहा. मॅग्नेशियम शरीराबाहेर जवळजवळ पूर्णपणे मूत्रपिंडावाटे पडते, आणि ज्या आजारासाठी ते दिले जात आहे त्याच आजारात मूत्रपिंडाकडचा रक्तपुरवठा घटतो. लघवी कमी झाली की आधीची मात्रा रक्तातच राहते, पुढची तिच्यावर साठते. वाढत्या पातळीबरोबर चेता आणि स्नायू यांच्यातले संदेशवहन मंदावते : आधी गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया जाते, त्यानंतर श्वसन क्षीण होते, शेवटी हृदय थांबते. हा क्रम ठरलेला असल्यामुळेच गुडघ्यावरची साधी टिचकी इतकी मोलाची ठरते, कारण श्वास थांबण्याच्या आधीची पायरी ती दाखवते. गुडघा उडत असेल, श्वास मिनिटाला किमान १६ असतील आणि गेल्या चार तासांत लघवी तासाला किमान ३० मिलिलिटर झाली असेल, तरच पुढची मात्रा. नसेल तर मात्रा थांबवायची, डॉक्टरांना बोलवायचे आणि कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवायचे. हा क्रम जिला उमजला आहे ती परिचारिका इंजेक्शन न देण्याचा निर्णय घेऊ शकते आणि तो राउंडला सकारण मांडू शकते. जिला फक्त पाच ‘योग्य’ पाठ आहेत तिच्यापाशी न देण्यासाठी कोणताच आधार नाही. उलट उशीर झाला म्हणून परिसेविकेचे बोलणे खावे लागेल ही धास्ती आहे.

नर्सिंगचे औषधशास्त्र अजूनही पुष्कळ ठिकाणी गटवार यादी म्हणून शिकवले जाते : औषधाचे नाव, गट, उपयोग, दुष्परिणाम, परिचारिकेची जबाबदारी. शेवटच्या रकान्यात ‘नाडी तपासावी’, ‘रक्तदाब पाहावा’, ‘रुग्णाचे निरीक्षण करावे’ अशी विधाने असतात, जी जवळपास कोणत्याही औषधापुढे लिहिता येतील. डिगॉक्सिनपूर्वी एक मिनिट हृदयाचे ठोके मोजावेत हे विद्यार्थिनी लिहिते. तोच रुग्ण फ्युरोसेमाइडवर असेल तर पोटॅशियम घटून डिगॉक्सिनची तीच मात्रा विषारी ठरू शकते, हा दुवा दोन वेगळ्या प्रकरणांत विखुरलेला राहतो. फेनिटॉइन डेक्स्ट्रोजच्या बाटलीत मिसळू नये हा नियम पाठ असतो. द्रावणाची आम्लता बदलल्याने त्याचे स्फटिक बनतात, हे कारण माहीत असेल तर नळीतला धुरकटपणा पाहून हात आपोआप थांबतो. कारणाविना शिकलेला नियम नेहमीच्या परिस्थितीत चालतो. परिस्थिती किंचित बदलली की तो लागू आहे की नाही हेच कळत नाही. भारतीय नर्सिंग कौन्सिलच्या २०२१च्या सुधारित बी.एस्सी. अभ्यासक्रमात औषधशास्त्र दोन सत्रांत विभागले गेले, हा बदल स्वागतार्ह आहे. पण प्रश्नपत्रिका जोवर व्याख्या आणि याद्याच मागतात तोवर वर्गातले शिकवणे त्यांच्याच मागे जाणार.

मात्रेच्या गणिताबाबतही तेच. परीक्षेत ‘हवी असलेली मात्रा भागिले उपलब्ध मात्रा गुणिले आकारमान’ हे सूत्र विचारले जाते आणि बरोबर सुटते. वॉर्डात उपलब्ध मात्रा हाच चल असतो. मुलांचे पॅरासिटामॉल घ्या : सिरप ५ मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम, दुसरे ५ मिलिलिटरला २५० मिलिग्रॅम आणि थेंबांची बाटली दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम. आठ किलोच्या बाळाला किलोमागे १५ मिलिग्रॅमप्रमाणे १२० मिलिग्रॅम लागतात, म्हणजे पहिल्या सिरपचा ५ मिलिलिटरचा एक चमचा. आई विचारते, ‘सिस्टर, किती द्यायचं?’ आणि उत्तर ‘एक चमचा’ असे मिळते. घरी थेंबांची बाटली असेल तर त्याच चमच्यात ५०० मिलिग्रॅम मावतात, आणि १५ मिलिलिटरची ती बाटली दिवसभरात संपली तर बाळाला किलोमागे १८७ मिलिग्रॅम मिळालेले असतात. यकृतात पॅरासिटामॉलचा थोडा अंश एका विषारी घटकात बदलतो आणि ग्लुटाथायोन त्याला निष्प्रभ करते. साठा संपेपर्यंत बाहेरून काहीच दिसत नाही. संपल्यावर यकृताच्या पेशी मरू लागतात, आणि पहिल्या दिवसाची मळमळ तापाच्या खात्यावर जमा झालेली असते. म्हणून औषधाचे उत्तर चमच्यात किंवा मिलिलिटरमध्ये न देता मिलिग्रॅम आणि बाटलीवरची स्ट्रेंथ या दोन्हींत द्यावे. हे सांगायला अर्धे मिनिट जास्त लागते, आणि ओपीडीतल्या सिस्टरकडे तेच नसते.

वेळेचा हा प्रश्न मी शेवटी ‘मनुष्यबळाची कमतरता’ या एका वाक्यात उरकू इच्छित नाही, कारण त्याचा चुकीशी संबंध नेमका कसा येतो हे पाहण्यासारखे आहे. अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतरत्र पाच रुग्णांमागे एक परिचारिका, हे कौन्सिलचे प्रमाण. रात्रपाळी पाहिलेल्या कोणालाही ते किती कागदावरचे आहे हे सांगावे लागत नाही. समजा, तीस रुग्णांच्या वॉर्डात रात्री आठला प्रत्येकाला सरासरी तीन औषधे द्यायची आहेत. नव्वद कृती झाल्या. रुग्णाची ओळख, पट्टीवरचे नाव, मुदत, मात्रा, टोचणे, सही हे सारे दोन मिनिटांत उरकते असे उदारपणे धरले तरी तीन तास लागतात. आठची औषधे आठला देणे या गणितात अशक्य आहे. मग वॉर्ड स्वतःचा उपाय शोधतो : सातला सगळ्या सिरिंज एकदम भरून ट्रेमध्ये मांडल्या जातात, प्रत्येकीवर चिठ्ठी लावायला वेळ नसतो, त्यांची जागा हीच त्यांची ओळख ठरते, भरते एक आणि टोचते दुसरी (बहुधा विद्यार्थिनी), आणि सगळ्या सह्या शेवटी एकदम ‘रात्री ८’ अशाच होतात.

या उपायाला आळस म्हणणे सोपे आहे आणि चुकीचे आहे. अशक्य नियमाला शक्य करून दाखवण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न असतो. पण त्याचे दोन परिणाम होतात. औषध भरणारी आणि देणारी वेगळी झाली की देणारीच्या हातातल्या रंगहीन द्रवाबद्दल तिच्याकडे कोणताही स्वतंत्र पुरावा उरत नाही. आणि ‘रात्री ८’ ही सही खोटी असल्यामुळे, पुढे कधी मूत्रपिंडाला इजा झालेल्या रुग्णाला जेंटामायसिनच्या दोन मात्रांत प्रत्यक्षात किती तासांचे अंतर मिळाले हे शोधायची वेळ आली, तर नोंदीतून काही निष्पन्न होत नाही. नियम अशक्य असेल तर तो पाळला जात नाही एवढेच होत नाही; तो पाळल्याची नोंद तयार होते, आणि वरच्या पातळीवर त्या नोंदीवरून सर्व ठीक असल्याचा निष्कर्ष काढला जातो.

त्यात व्यत्यय. सिडनीतल्या दोन रुग्णालयांत चार हजारांहून अधिक वेळा औषध देण्याची कृती प्रत्यक्ष पाहून २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निम्म्याहून अधिक कृतींत व्यत्यय आढळला, आणि प्रत्येक व्यत्ययागणिक औषधविषयक चुकांत सुमारे १२.७ टक्के वाढ दिसली. आपल्या वॉर्डात ‘सिस्टर, सलाईन संपलं’, नातेवाइकांचे प्रश्न, फोन, प्रयोगशाळेचे रिपोर्ट यांतून सलग पाच मिनिटे मिळणे दुर्मीळ. शिवाय ऑर्डर केसपेपरवरून ट्रीटमेंट शीटवर आणि तिथून इंजेक्शनच्या वहीत हाताने उतरवली जाते. युनिटसाठी घाईत लिहिलेले इंग्रजी अक्षर शून्यासारखे वाचले की १०चे १०० होतात. औषधांची जेनेरिक नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या लिपीत लिहावीत, अशी दुरुस्ती तत्कालीन मेडिकल कौन्सिलने २०१६ साली केली. ‘शक्यतो’ या शब्दाने तिचे पुढे काय होणार ते बरेचसे ठरवून टाकले होते.

बाटल्यांचा आणि नावांचा प्रश्न वेगळा, कारण तिथे उपाय परिचारिकेच्या हातात जवळजवळ नाहीच. १० मिलिलिटरच्या पोटॅशियम क्लोराइडच्या १५ टक्के अँप्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असते. ते मोठ्या बाटलीत पातळ करून सावकाश दिले तर उपचार आहे. थेट शिरेत ढकलले तर हृदयाच्या पेशींच्या आवरणावरचा विद्युतभार कोसळतो, सोडियमचे मार्ग बंद पडतात आणि ठोके थांबतात. तशाच आकाराच्या पारदर्शक प्लास्टिक अँप्यूलमध्ये डिस्टिल्ड वॉटरही येते. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने १९९८ साली काढलेली पहिलीच धोक्याची सूचना याच औषधाबद्दल होती, आणि तिचा रोख अधिक लक्ष देण्यावर नव्हता. संहत पोटॅशियम वॉर्डातून काढून औषधविभागात ठेवा, असे ती सांगत होती. जी वस्तू ट्रॉलीवर नाही ती चुकून उचलली जात नाही. आपल्याकडे अनेक वॉर्डांत ती आजही तातडीच्या ट्रेमध्ये असते, कारण रात्री औषधविभाग बंद असतो. म्हणजे एका त्रुटीवरचा इलाज म्हणून दुसरा धोका पत्करलेला असतो.

नावांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली फार स्पष्ट भूमिका घेतली होती. फॅल्सिगो आणि फॅल्सिटॅब ही सेरेब्रल मलेरियावरची दोन औषधे, एकात आर्टेसुनेट, दुसऱ्यात मेफ्लोक्विन. दोन कॅडिला कंपन्यांतला तो वाद होता. औषधांच्या नावांतले साम्य इतर मालापेक्षा अधिक कडक कसोटीवर तपासले पाहिजे, कारण इथे गोंधळाची किंमत जीव असू शकते, असे न्यायालयाने म्हटले. व्यापारचिन्हाचा वाद न्यायालयात जातो तो मात्र कंपनीचे नुकसान झाले तर. रुग्णाच्या बाजूने नावातले साम्य शोधून काढणारी नजर रोज रात्री वॉर्डात असते, आणि तिचे निरीक्षण कुठेही पोचत नाही.

ते का पोचत नाही, हा या साऱ्या विषयाचा गाभा आहे असे मला वाटते. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात पोलिओ मोहिमेत बारा मुलांना डोसाऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुले बचावली, कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ठाण्याजवळ कळव्यात कोविडच्या लशीसाठी आलेला माणूस रेबीजच्या लशीच्या रांगेत उभा राहिला, त्याचा केसपेपर पाहिला गेला नाही आणि त्याला ती लस टोचली गेली. तिथेही निलंबन झाले. दोन्ही प्रसंगांत हलगर्जी होती, हे नाकारण्याचे कारण नाही. पण कोविडच्या काळात सॅनिटायझर आणि पोलिओची लस एकाच टेबलावर आल्या होत्या, आणि एकाच केंद्रात दोन लशींच्या रांगा होत्या, या बाबी निलंबनाने बदलत नाहीत. निलंबन व्यक्तीला हलवते. टेबल आणि रांग तिथेच असतात, आणि त्यांच्यापुढे दुसरी व्यक्ती येते. ज्यांनी बातमी वाचली त्या इतर केंद्रांतल्या कर्मचाऱ्यांनी त्यातून काय शिकावे अशी अपेक्षा आहे? अधिक काळजी घ्यावी, हे एक. चूक झालीच, आणि कोणी पाहिले नसले, तर सांगू नये, हेही.

कायद्यातला अलीकडचा बदल याच दुसऱ्या धड्याला बळ देतो. जुन्या भारतीय दंड संहितेत हयगयीने मृत्यू घडवण्याला कमाल दोन वर्षांची शिक्षा होती, सर्वांना सारखीच. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६मध्ये ती पाच वर्षे झाली, आणि नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाने वैद्यकीय प्रक्रिया करताना तसे घडले तर दोन वर्षे ठेवली गेली. या सवलतीसाठी नॅशनल मेडिकल कमिशनच्या कायद्याने मान्य केलेली पात्रता आणि वैद्यकीय नोंदवहीत नाव असणे आवश्यक आहे. परिचारिका त्या व्याख्येत बसत नाही. ऑर्डर देणारा आणि ती पार पाडणारी दोघेही एकाच मृत्यूसाठी दोषी ठरले, तर कलमाच्या शब्दांनुसार एकाची कमाल मर्यादा दोन वर्षे आणि दुसरीची पाच. न्यायालये याचा अर्थ पुढे कसा लावतील हे पाहावे लागेल. तोवर हे वाचलेली परिचारिका, थोडक्यात टळलेल्या चुकीची नोंद स्वतःहून करील असे मानायला आधार सापडत नाही. औषधांच्या दुष्परिणामांसाठी २०१० साली सुरू झालेला राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रम आहे, १८००-१८०-३०२४ ही त्याची निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे आणि परिचारिकाही तिथे कळवू शकतात. दुष्परिणामात दोष औषधाचा असतो, म्हणून कळवणारीला भीती नसते. चुकीची नोंद एनएबीएच मानांकनासाठी ठेवावी लागते. पण मानांकन टिकवू पाहणाऱ्या संस्थेच्या वहीत ती कितपत मोकळेपणाने होईल याचा अंदाज वाचकाने करावा.

संगणकीकरणाने हे सुटेल अशी आशा बाळगणाऱ्यांनी अमेरिकेतल्या नॅशव्हिलचे प्रकरण पाहावे. डिसेंबर २०१७मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या रुग्णालयात परिचारिकेने स्वयंचलित औषधकपाटात व्हर्सेड या शामक औषधाची पहिली दोन अक्षरे टाइप केली. कपाट जेनेरिक नावांनी शोधत होते. औषध सापडले नाही तेव्हा तिने सुरक्षेची पायरी ओलांडण्याची सोय वापरली आणि तीच दोन अक्षरे असलेले व्हेक्युरोनियम, म्हणजे स्नायू लुळे करणारे औषध, हाती आले. व्हर्सेड द्रव असते, हे चूर्ण होते. टोपणावर इशारा होता. तिने ते विरघळवून दिले. पंच्याहत्तर वर्षांची रुग्ण दगावली. चूक बाहेरच्या जगाला समजली ती पुढे निनावी तक्रारीतून, आणि २०२२ साली परिचारिका फौजदारी खटल्यात दोषी ठरली. तिने इशाऱ्यांमागून इशारे दुर्लक्षिले हे खरेच. पण ती ओलांडण्याची सोय त्या काळात तिथे रोजच्या कामाचा भाग होती, आणि दिवसातून पन्नास वेळा निरर्थक ठरणारा इशारा एक्कावन्नाव्या वेळी वाचला जात नाही, ही माणसाच्या लक्षाची रचनाच आहे. यंत्राने चुकीची जागा बदलली, चूक तीच राहिली.

आणि शेवटी अशीही चूक असते जिथे शेवटचा हात पूर्ण निर्दोष असतो. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले चौदा रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन मरण पावले, कारण त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक रसायन मिसळलेले होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतची साखळी उघडी केली. तिथे रुग्ण, नाव, मात्रा, मार्ग, वेळ, पाचही योग्य होते. असे विष ओळखण्याचे वॉर्डातले साधन एकच, लघवीचे माप आणि ते अचानक का घटले असा प्रश्न. म्हणजे औषध दिल्यानंतरचे निरीक्षण, जे परिचर्येतले सर्वांत कमी मोजले जाणारे आणि गर्दीच्या पाळीत सर्वांत आधी सुटणारे काम आहे.

हे सगळे आता रुग्णालयाच्या भिंतींबाहेर सरकत आहे. खाटा लवकर रिकाम्या करण्याच्या दबावामुळे इन्सुलिन, रक्त पातळ करणारी इंजेक्शने, राइल्स ट्यूब, कधी शिरेतली प्रतिजैविकेही रुग्णाबरोबर घरी जातात, आणि पुण्या-मुंबईत ती देण्यासाठी ब्युरोतून आलेली ‘सिस्टर’ अनेकदा नोंदणीकृत परिचारिका नसते. दिवसभरात हळूहळू विरघळावी म्हणून बनवलेली गोळी ती कुटून नळीतून देते, कारण गोळी नळीतून जायला हवी एवढेच तिला सांगितलेले असते, आणि बारा तासांची मात्रा एका तासात रक्तात उतरते. वॉर्डात अपुरी का होईना, पाळी बदलताना दुसरी नजर पडते. इथे तीही नाही. महाराष्ट्राचा १९४९चा नोंदणी कायदा शुश्रूषागृहांना लागू होतो, रुग्णाच्या घराला लागू होत नाही. संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेट तिथे रोज दिली गेली, आणि काही दिवसांनी पांढऱ्या पेशी घटून तोंडात फोड आले, तर डॉक्टरांपर्यंत पोचणारी तक्रार ‘तोंड आलंय’ एवढीच असते. गोळी कोणत्या वारी, किती आणि कोणी दिली हे सांगणारा एकही कागद बहुधा त्या घरात नसतो.